गुरुवारी तो कुठे होता

निवृत्तीनंतर पहिलं मोठं काम म्हणून मी घराचा माळा आवरायला काढला. तीसेक वर्षांचे कागद होते: उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, निकालाचे तक्ते, जुन्या प्रश्नपत्रिका. त्यात गुंडाळी केलेलं एक जाड पोस्टर निघालं. मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्याच अक्षरात, स्केचपेनने, अकरावीच्या वार्षिक परीक्षेची बैठक व्यवस्था लिहिलेली. उलटून पाहिलं तर पुढच्या बाजूला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं, म्हणजे आयएसआयचं, प्रवेशाचं निवेदन. वर्ष 2009.

हे पोस्टर कॉलेजच्या टपालात आलं होतं. गणिताचं म्हणून शिपायाने माझ्या टेबलावर आणून ठेवलं. कागद चांगला होता, वाया कशाला घालवायचा, असा विचार केल्याचं मला स्वच्छ आठवतं. पुढच्या बाजूला काय छापलंय ते मी तेव्हा वाचलं होतं का? वाचलं होतं. सांख्यिकी आणि गणिताच्या पदवीचे अभ्यासक्रम, प्रवेश परीक्षा, विद्यावेतन. वाचलं आणि मनात म्हणालो, आपल्या गावातून कोण जाणार कोलकात्याला.

त्याच वर्षी बारावीच्या वर्गात तो होता.

मी तालुक्याच्या गावी अनुदानित ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. 2024 मध्ये निवृत्त झालो. माझ्याविरुद्ध कधी तक्रार झाली नाही. निकाल चांगला लागायचा, पालक नमस्कार करायचे, निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं, भाषणं झाली. त्या भाषणांत कुणी विचारलं नाही, आणि विचारणारही नव्हतं, असं काही मला आता स्वतःला विचारायचं आहे.

तो अकरावीला आला तेव्हा पहिल्या तासाला मी नेहमीचा खेळ केला होता. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. सातव्या पायरीपर्यंत सगळ्यांचं उत्तर 6174 वर येऊन थांबतं. मग मी सांगायचो, हे शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. मुलं टाळ्या वाजवायची आणि मी पुस्तक उघडायचो. दर वर्षी असंच. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी तो वहीचं फाडलेलं पान घेऊन आला. तीन आकड्यांना 495 वर थांबतं म्हणाला. पाच आकड्यांना एका जागी थांबतच नाही, ठरावीक संख्यांत गोल गोल फिरत राहतं. "सर, असं का?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "सिलॅबसमध्ये नाही ते."

ते वाक्य चूक नव्हतं, पण खोटं होतं. खरं उत्तर होतं, "मला माहीत नाही, आपण बघू." ते म्हणायला एका अकरावीतल्या पोरासमोर मला जड गेलं.

पुढे इंडक्शन शिकवलं. 1 पासून n पर्यंतच्या घनांची बेरीज ही त्याच संख्यांच्या बेरजेच्या वर्गाएवढी असते, हे इंडक्शनने सिद्ध करा, चार मार्क. त्याने घटक चाचणीत चित्र काढलं. 1 बाय 1 चा एक चौरस, 2 बाय 2 चे दोन, 3 बाय 3 चे तीन, असे सगळे मांडून एकच मोठा चौरस तयार केला. सम संख्येच्या वेळी एक चौरस मधोमध कापून त्याचे दोन तुकडे दोन बाजूंना लावावे लागतात. तेही त्याने तुटक रेषेने नीट दाखवलं होतं. खाली एक ओळ होती: इंडक्शनने बरोबर आहे एवढंच कळतं, का बरोबर आहे ते यात दिसतं.

मी शून्य दिलं. प्रश्नात "इंडक्शनने" असं लिहिलेलं होतं. नियमाने मी बरोबर होतो, आणि आजही कुणी मॉडेल आन्सर घेऊन बसला तर शून्यच देईल. माझ्या मनाला टोचतं ते वेगळंच. शून्य देऊन झाल्यावर मी त्याला बोलावून "हे फार सुंदर आहे" असं म्हणू शकलो असतो. एका मिनिटाचं काम होतं. ते चित्र कळायला मला स्वतःला रात्री अर्धा तास लागला होता, म्हणूनच बहुधा ते शब्द तोंडातून निघाले नाहीत.

बारावीचा निकाल लागला. गणित 94, फिजिक्स 61, इंग्रजी 41, केमिस्ट्री 37. एकूण 56 टक्के. तो आणि त्याचे वडील घरी आले. वडील आठवडी बाजारांतून कटलरी मांडायचे: बांगड्या, पिना, कंगवे, टिकल्या. ते खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "सर, ह्यो गणितातच काय तरी करायचं म्हणतोय. तसं काय असतंय का?"

मी म्हणालो, "असतं की. बीएस्सी करून माझ्यासारखा मास्तर होईल. त्यापेक्षा इंजिनिअरिंगला टाका." मग निकालपत्रावर बोट ठेवून त्याच्याकडे बघितलं. "पोरगा हुशार आहे, पण लक्ष नाही. केमिस्ट्रीत सदतीस!"

ती दुपार आठवली की मी स्वतःची एक सोय करून घेतो. म्हणतो, तोवर आयएसआयच्या अर्जाची मुदत उलटूनच गेली होती, त्या दिवशी मी काय सांगणार होतो? हे खरं आहे. पण त्यामुळे दोष जात नाही, त्याची तारीख फक्त मागे सरकते. माझ्या हातून चूक घडली ती ज्या दिवशी मी पोस्टर उलटं करून त्यावर बाकांचे नंबर लिहायला घेतले त्या दिवशी.

दुसरी सोय अशी: त्याला प्रवेश मिळालाच असता कशावरून? तेही खरं. ती परीक्षा कठीण आहे. त्यातल्या एका पेपरात मोजके आठ प्रश्न असतात आणि प्रत्येकाची सिद्धता लिहावी लागते. देशभरातून मुलं बसतात, जागा थोड्या. कदाचित त्याला नसतं जमलं. पण मग नापास करण्याचा अधिकार त्या परीक्षेचा होता. तो मी माझ्याकडे घेतला, आणि तोही गणित न बघता केमिस्ट्रीचा आकडा बघून.

तो खासगी कॉलेजात मेकॅनिकलला गेला. कर्ज काढलं. पहिल्या वर्षी केटी लागल्या, त्या सुटल्या, पुढे चाकणला नोकरी लागली. आज त्याचा पगार माझ्या पेन्शनपेक्षा बराच जास्त आहे. त्याचं वाटोळं झालं असं म्हणून मला रडायचं नाही. त्याच्या आयुष्याचा निकाल लावण्याचा अधिकार मला नाही, आणि असे निकाल मी आयुष्यभर पुरेसे लावले आहेत.

काही वर्षांनी एका लग्नात तो भेटला. पंगतीत शेजारी बसलो. गप्पांच्या ओघात मी सहज विचारलं, "काय रे, तेव्हा केमिस्ट्रीत तुझं काय बिनसलं होतं?" तो हसला. "सर, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल गुरुवारी असायचं ना. गुरुवारी बाजार."

गुरुवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. मी कॉलेजातून परत येताना दर गुरुवारी त्याच बाजारात भाजी घ्यायचो. एकदा त्याच्याच हातून सेफ्टी पिनांचा पुडका घेतल्याचंही मला आठवतं. "वडलांना मदत करतोस, छान," असं म्हणून मी सुट्टे पैसे परत घेतले होते. त्याच दिवशी, त्याच वेळी, दोनशे पावलांवर कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागत होती. हे दोन तुकडे माझ्या डोक्यात एकत्र आले नाहीत. घनांची बेरीज चौरसांत बसवणाऱ्या पोराचा मी शिक्षक होतो, आणि मला ही साधी बेरीज जमली नाही.

आता दुसरी गोष्ट. ती सांगितली नाही तर हा कबुलीजबाब अर्धवट राहील, कारण तिथे मी बरोबर उलटी चूक केली.

नियमाने मनाई असताना मी घराच्या वरच्या मजल्यावर क्लास घेत होतो. सगळेच घेतात, असं त्याचं समर्थन मी इतकी वर्षं केलं. जूनमध्ये चौकात फ्लेक्स लागायचा, त्यावर मुलांचे फोटो आणि मार्क. 2023 मध्ये माझ्याकडे बारावीची एक मुलगी होती. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, ती पार करून ती विभागीय आरएमओपर्यंत पोचली. तीस प्रश्नांची ती पहिली परीक्षा पास होणं ही आमच्या गावात नवलाची गोष्ट होती. मी तिचा फोटो फ्लेक्सवर सर्वांत मोठा लावला. खरं तर तिने सगळी तयारी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून एकटीने केली होती.

आणि मी तिला काय सांगितलं? "अगं, तुला केमिस्ट्री-बायोलॉजी काय करायची? रामानुजन बघ." आरएमओच्या पुढे ती गेली नाही. त्या उन्हाळ्यात तिने आयएसआय आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सीएमआय), दोन्हींच्या परीक्षा दिल्या. कुठेच झालं नाही. उरलं पुण्याचं आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. फॉर्म भरलेला होता. बारावीचा निकाल लागला: गणित 97, एकूण 57 टक्के. आयसरला खुल्या प्रवर्गासाठी बारावीत 60 टक्के लागतात. तिथे तर परीक्षेत काय होतं ते बघायचीही वेळ आली नाही.

ती घरी आली. रडली नाही. एवढंच विचारलं, "सर, 60 टक्क्यांची अट तुम्ही वाचली होती का?"

मी वाचली नव्हती.

आज मागे वळून बघतो तेव्हा दोन्ही चुकांचं मूळ एकच दिसतं. मुलाच्या निकालपत्रातले चढउतार मी माझ्या फ्लेक्सच्या मापाने मोजले. 56 टक्केवाल्याचा फ्लेक्सला उपयोग नव्हता, म्हणून त्याचा उतार मला दिसला. आरएमओवालीचा उपयोग होता, म्हणून तिचा चढ तेवढा दिसला. दोघांच्या बाबतीत उरलेला अर्धा भाग काय आहे आणि तो तसा का आहे, हे विचारायचे कष्ट मी घेतले नाहीत. एकाला नाउमेद केलं, एकीला डोक्यावर चढवलं. दोन्ही कामं फुकटात होतात. त्यांना वेळ द्यावा लागत नाही.

वेळ दिला असता तर काय कळलं असतं? निवृत्तीनंतर मी हे सगळं एका वहीत उतरवून काढलं. पंधरा दिवसांचं काम होतं. दार कुठलं, आणि त्याचा उंबरा किती उंच, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. आयआयटीला जेईईच्या गुणवत्तेबरोबर बारावीत 75 टक्के, नाहीतर आपल्या बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव लागतं. राखीव गटांतल्या काहींना 65 टक्क्यांची सवलत आहे. आयसरचे 60 सांगितलेच. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं मूलभूत विज्ञान केंद्र यांची नेस्ट परीक्षा, तिथेही 60. पण महालनोबिसांनी 1931 मध्ये उभारलेलं आयएसआय, आणि चेन्नईजवळ सिरुसेरीला असलेलं, सी. एस. शेषाद्रींनी 1989 मध्ये सुरू केलेलं सीएमआय, ही दोन्ही मुख्यतः स्वतःच्या परीक्षेवर भर देतात. बारावी पास व्हा आणि या, गणित येतं का ते आम्ही बघतो. आयएसआयमध्ये तर निवड झालेल्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतनही मिळतं. राष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये चमकलेल्यांसाठी या संस्थांनी वेगळी वाट ठेवली आहे, आणि अलीकडे काही आयआयटींनीही ती उघडली आहे.

म्हणजे त्या 37 मार्कांचा अर्थ एका दारात "परत जा" असा होता आणि दुसऱ्या दारात त्याला काहीच अर्थ नव्हता. निकालपत्र एकच. मी मात्र ते सगळीकडे एकाच भाषेत वाचलं.

ही दारं हुकली तरी वाट संपत नाही, हे मला त्या मुलीकडून कळलं. ती जिल्ह्याच्या गावी बीएस्सी गणित करते आहे. पदवीच्या मुलांसाठी पुण्यातून घेतली जाणारी माधव गणित स्पर्धा असते, तिची तयारी या मुलीने चालवली आहे. प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी 1993 मध्ये सुरू केलेला एमटीटीएस नावाचा उन्हाळी वर्ग असतो. तिथे कुठल्या कॉलेजातून आलात याला महत्त्व नसतं, आणि शिकवण्यापेक्षा मुलांना प्रश्न विचारून विचारून सिद्धतेपर्यंत आणलं जातं. तिथे जायचं तिच्या मनात आहे. एमएस्सीच्या प्रवेशाला जॅम, नंतर संशोधनाला टीआयएफआर आणि राष्ट्रीय उच्च गणित मंडळ यांच्या परीक्षा. ही नावं मी तिला सांगितली नाहीत. तिने मला सांगितली. मी ती वहीत लिहून घेतली.

रामानुजनवर मी किती भाषणं केली असतील! 2012 पासून 22 डिसेंबर हा राष्ट्रीय गणित दिन झाला आणि दर वर्षी मला बोलवायचे. कुंभकोणमच्या कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास झाल्याने शिष्यवृत्ती गेली, मद्रासला एफ.ए. परीक्षेत पुन्हा नापास, मग पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी, मग 1913 मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी यांना पत्र. मुलं कान देऊन ऐकायची. व्यासपीठावर नापास रामानुजनचे गोडवे गायचे आणि खाली उतरून स्टाफरूममध्ये "हुशार आहे, पण..." म्हणायचं, हे मी कित्येक वर्षं एकाच दिवशी केलं आहे. 2016 मध्ये बातमी आली: दहावी-बारावीची परीक्षाच न दिलेल्या मुंबईच्या एका मुलीला संगणक ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी नाही म्हणून आयआयटी तिला बंद होती, सीएमआयने मात्र एमएस्सी पातळीच्या वर्गात बसू दिलं होतं. ते कात्रणसुद्धा मी नोटीस बोर्डावर लावलं. दुसऱ्याच्या मुलांचं कौतुक करायला माझ्याजवळ नेहमीच टाचण्या होत्या.

आणि त्या भाषणांत एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण ती मला अडचणीची होती. रामानुजनच्या आणि हार्डींच्या मध्ये काही माणसं होती. नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी त्याला काही काळ दरमहा पदरचे पैसे दिले. पोर्ट ट्रस्टमधले नारायण अय्यर त्याच्या वह्या घेऊन बसले. मद्रास विद्यापीठाने 1913 मध्ये, पदवी नसताना, महिना 75 रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. यातला कुणीही रामानुजनच्या तोडीचा गणिती नव्हता. त्यांनी एवढंच केलं की कागद उलटा करून त्यावर बैठक व्यवस्था लिहिली नाही. माझी जागा गोष्टीत तिथे होती. मी मात्र भाषण करताना कायम स्वतःला हार्डी समजत राहिलो.

इथे एक सावधगिरीचं वाक्य लिहायला हवं, नाहीतर माझी तिसरी चूक होईल. गणितात बरे आणि बाकी विषयांत कच्चे असे सगळेच काही अपूर्व नसतात. बोर्डात 94 मार्क पाठांतरानेही पडतात. काही मुलं खरंच आळशी असतात, आणि "मला फक्त गणित आवडतं" हे वाक्य अभ्यास टाळायचा परवाना म्हणून वापरतात. इंग्रजीत लिहिता येत नसेल तर आयएसआयची सिद्धताही लिहिता येणार नाही, हे मुलांना बजावलंच पाहिजे. पण कोण आळशी, कोण आजारी, कोणाची अडचण फक्त इंग्रजीची, आणि कोण बाजारात बसतो, हे निकालपत्रावर लिहिलेलं नसतं. शहरातल्या मुलाचे मार्क असे वरखाली झाले तर आईवडील कारण शोधतात, समुपदेशक गाठतात, पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानसारख्या ठिकाणी शिकवणी बघतात. कटलरीवाल्याच्या मुलाचं कारण शोधायला शिक्षकाशिवाय दुसरं कुणी नसतं. आणि तो शिक्षक भाजी घेऊन घरी जातो.

मला क्षमा कुणाची मागायची आहे का? गेल्या दिवाळीत त्याला फोन केला. पोस्टरचं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, ते चौरसांचं चित्र तुमच्याकडे आहे का अजून?" नव्हतं. उत्तरपत्रिका कधीच रद्दीत गेल्या होत्या. बैठक व्यवस्था तेवढी जपून ठेवली होती.

बारावीला गणित शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना दोनच गोष्टी सांगतो. प्रवेशाच्या अटी मुलांवर सोडू नका, दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत स्वतः वाचा, कारण त्या बदलतात. आणि एखाद्या मुलाच्या निकालपत्रात 94 शेजारी 37 दिसले, तर काही बोलण्याआधी त्याला विचारा, गुरुवारी तू कुठे असतोस?